ठेवायला दिलेली फांदी

"टोकाला भोक दिसतंय का बघा, आई."

शलाकाने भिंग माझ्या हातात दिलं आणि विजेरी काचेवर तिरपी धरली. मी उशीवर गुडघे टेकून बसले होते. खिडक्या सताड उघड्या ठेवूनही घरातला वास गेला नव्हता. सुकटीचं पोतं पावसात भिजावं, तसा तो वास होता.

"कुठे बघू?"

"मोठ्या दगडाच्या बुडाशी. पंपाच्या तोंडासमोर. माझं बोट दिसतंय ना, त्याच्या सरळ."

टाकीत सगळं पांढरं होतं. जिथे हिरव्या फांद्यांचं हातभर रुंद झुडूप असायचं, तिथे चुन्यात बुडवून काढल्यासारख्या काटक्या उभ्या होत्या. त्यांच्या मुळाशी एक बुटकी फांदी राहिली होती, करंगळीच्या पेराएवढी. ती हिरवी होती. भिंगातून तिच्या अंगावरच्या बारीक बारीक वाट्या दिसल्या आणि अगदी शेंड्यावर, मधोमध, एक गोल भोक.

"आहे," मी म्हटलं. "सुईने टोचल्यासारखं."

"शेंड्यावरच ना? बाजूला नाही?"

"अगं, शेंड्यावरच. डोळे म्हातारे झालेत, आंधळे नाही झाले."

शलाका फरशीवर बसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती हसली असं म्हणता येणार नाही. "मग परागचीच आहे," ती म्हणाली. "तोतया नाही."

पराग माझा मुलगा, शलाका माझी सून. पराग सिंगापूरला नोकरी करत होता आणि तिथेच, ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. चाळिशीही गाठली नव्हती. मूलबाळ नव्हतं. त्याच्या वर्षश्राद्धाला शलाका लांज्याला आली आणि परत जाताना मीही तिच्याबरोबर निघाले. तिथलं घर आवरून तिला कायमचं घेऊन यायचं, असं तिच्या भावाने आणि मी ठरवलं होतं. शलाकाने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. बाराव्या मजल्यावरच्या त्या घराचं दार उघडलं तेव्हा आधी वास आला. मग लक्षात आलं की घरात नेहमीची घरघर नाही. टाकीचं पाणी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं होतं. आम्ही इकडे पिंडदान करत होतो तेव्हा कधीतरी ते बंद पडलं असावं, आणि तिथल्या उकाड्यात परागने इतकी वर्षं वाढवलेलं सगळं शिजून गेलं.

पोवळी म्हणजे झाडं नव्हेत, हे परागनेच मला पहिल्या खेपेला समजावलं होतं. मी आपली त्या फांद्यांना फुटवे म्हणत होते.

"आई, हा प्राणी आहे. प्रत्येक भोकात एक तोंड. तोंडं हजार, पण अंग एकच."

"म्हणजे एकत्र कुटुंब म्हण की."

"एकत्र कुटुंबात भांडणं असतात. इथे सगळ्यांचं पोट एक."

त्या टाकीत निळं, जांभळं बरंच काही होतं, पण त्याचा जीव त्या हिरव्यावर. बोटाएवढा तुकडा आणून त्याने त्याचं झुडूप केलं होतं. एकदा त्याला जोडीला म्हणून दुकानातून तसलाच आणखी एक हिरवा तुकडा आणला. दोन्ही शेजारी धरले तर सख्खे भाऊ वाटावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्या नव्याने शेजारचं जांभळं पोवळं जाळून टाकलं होतं. पराग मला फोनवर म्हणाला, "दुकानदाराने मला तोतया विकला, आई." तेव्हापासून त्या जातीला त्या घरात तोतयाच म्हणायचे. खऱ्याला पाण्याबाहेर काढलं की ते भेंडीसारखी तार सोडतं. आणि खऱ्याच्या प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर एकच भोक असतं. तोतयाला ते नसतं, नुसते उंचवटे असतात.

"आणि जवळ भिंग नसेल तर?" मी विचारलं होतं.

"तर सकाळपर्यंत थांबायचं," पराग म्हणाला. "शेजारी मेला की कळतं."

शलाका त्या दिवशी फरशीवर बसूनच म्हणाली, "सुहासदादांकडे तुकडा आहे. परागने दिलेला."

अशा टाक्या बाळगणाऱ्यांची एक रीत आहे. आपल्याकडचं चांगलं पोवळं जरा वाढलं की त्याची एक फांदी कापून मित्राकडे ठेवायला द्यायची. आपलं मेलं तर त्याच्याकडचं असतं, त्याचं मेलं तर आपल्याकडचं. मला ही रीत कोणी समजावून सांगावी लागली नाही. आमच्या आळीत दही बिघडलं की शेजारणीकडून विरजण आणतात, आणि ते विरजण बहुधा मुळात आपल्याच घरून गेलेलं असतं.

सुहास खानविलकर मूळचा राजापूरचा. सिंगापूरच्या बंदरात नोकरीला होता. पराग आणि तो दर रविवारी एकमेकांच्या टाकीपुढे मांडी घालून बसत, बायकांनी चुलीपुढे बसावं तसे. पराग गेला तेव्हा मी पोचेपर्यंत दवाखान्यातलं, पोलिसांचं, सगळं सुहासनेच पाहिलं होतं. त्याच्याबद्दल माझ्या मनात वाकडं काही नव्हतं.

शलाकाने मला ऐकू यावं म्हणून फोन समोर ठेवून लावला.

"सुहासदादा, टाकी गेली. फक्त एवढीशी राहिलीय. तुमच्याकडची परागची फांदी कशी आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आहे ना," सुहास म्हणाला. "आहे."

"मला तिचा तुकडा हवाय. आज येऊ?"

"नको, तू नको येऊस. मीच आणतो. आधी तुझं यंत्र बघू दे मला."

तो दुसऱ्या दिवशी आला, अंगातला शर्ट काढून बनियनवर दुपारभर यंत्राशी झटला आणि ते चालू करून गेला. फांदी आणली नव्हती. आत्ता कापली तर तिला सोसणार नाही, म्हणाला. पुढे रोज फोनवर काहीतरी निघत होतं. जहाजांची गर्दी, पाळी बदलली, पाणी बदलायचं राहिलं. शलाकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला एकच काम उरलं होतं. ती पिंपात मीठ कालवायची, टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालायची आणि दिवसातून कितीदा तरी भिंग घेऊन बसायची. त्या पेराएवढ्या फांदीला आम्ही दोघी छोटी म्हणायला लागलो होतो.

मी भावाचा विषय काढला की ती म्हणायची, "ही जगते की नाही ते कळू दे, आई. मग बोलू."

"आणि जगली तर?"

"तर तिला टाकून कशी येऊ?"

"आणि नाही जगली तर?"

त्यावर ती पदरासारखं ओढणीचं टोक घेऊन भिंग पुसायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "या घरात परागने जगवलेलं आता एवढंच आहे. आपण दोघी सोडून."

रविवारी सकाळी सुहास आला. एका हातात थर्माकोलचा डबा, दुसऱ्या हातात पापलेटांची पिशवी.

"काकी, ताजी आहेत हं. सकाळी बाजारात उभा राहून घेतलीत."

"ताजी म्हणजे बर्फातली ना? तुमच्या सिंगापुरात माशांनासुद्धा एसी लागतो."

"आता राजापूरची खाडी कुठून आणू इथे?"

"राजापूरचा म्हणवतोस आणि पापलेट आणतोस. बांगडा आणायला लाज वाटली का?"

तो हसला, पण त्याचे डोळे शलाकाकडे होते. तिने डबा केव्हाच उघडला होता. आत पाण्याने फुगवलेली पिशवी आणि पिशवीत हिरवी फांदी, बोटं पसरलेल्या पंजासारखी. अगदी परागच्या झुडपाचा रंग. शलाकाने पिशवी खिडकीच्या उजेडात धरली आणि कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली.

"टोकं तुटलीत," ती म्हणाली.

"पिशवीत आपटली गं. टॅक्सीवाल्याने असा ब्रेक मारला की विचारू नकोस. येतील परत."

मी भिंग घेऊन पाहिलं. खरंच, एकाही बोटाला शेंडा नव्हता.

"अंगही जरा वेगळं वाटतं," शलाका म्हणाली. "परागची सडपातळ होती. ही खडबडीत आहे."

"माझ्याकडे पंप जोराचा आहे ना. टाकी बदलली की अंगकाठी बदलते. तुला काय सांगायचं."

ते खरं होतं. परागही तेच सांगायचा. दिवा बदलला की रंग बदलतो, पाण्याचा जोर बदलला की बांधा बदलतो, आणि एकाच पोवळ्याच्या दोन फांद्या दोन घरी वाढल्या तर पुन्हा भेटल्यावर त्या एकमेकींच्या कोणी वाटत नाहीत. म्हणून तर ही माणसं शेंड्यावरची खूण धरून बसतात.

"पण परागचीच ना?" शलाकाने विचारलं.

सुहास डब्याचं झाकण बसवत होता. डबा रिकामा होता. "परागच्याच टाकीतून आलेली आहे," तो म्हणाला.

शलाकाने फांदी पिशवीतून काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि ती टाकीतली जागा करायला वळली. परागची फांदी मी पूर्वी एकदा अशीच हातात धरली होती, तेव्हा मनगटापर्यंत तार ओघळली होती. या फांदीतून नुसतं पाणी निथळलं.

"हिला काही बुळबुळ नाही," मी म्हटलं.

"दमलीय, काकी," सुहास म्हणाला. "प्रवासाने."

मग त्याने शलाकाला बजावलं. "हे बघ, ही लांब ठेव. त्या बारकीपासून हातभर लांब. पार त्या टोकाला."

"का? एकच तर आहेत दोघी."

"नवी जागा आहे. रुळू दे आधी. हातभर लांब, शलाका. एवढं माझं ऐक."

मी पापलेटांना मसाला लावायला घेतला होता. जेवून जा म्हटलं तर म्हणाला, "माझीच पापलेटं मलाच कशाला, काकी," आणि चपला घालून निघाला. त्या घरातून तो न जेवता कधी गेला नव्हता.

नवी फांदी टाकीच्या त्या टोकाला मजेत होती. दोन दिवसांत तिच्या सगळ्या अंगावर मऊ लव उभी राहिली, मांजराच्या पाठीवर असते तशी. छोटी मात्र खालून पांढरी होत वर चालली होती. वातीला तेल संपत आल्यावर ज्योत शेंड्याला जाऊन बसते, तसा तिचा हिरवा रंग वर वर सरकत होता. शलाका संगणकावर कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना फोटो पाठवून विचारत बसे. एके दुपारी ती स्वयंपाकघरात आली.

"आई, एकाच पोवळ्याचे दोन तुकडे अंगाला अंग लावून ठेवले ना, तर ते जुळतात. मधली रेघसुद्धा राहत नाही. जोरकस असतो तो दुबळ्याला सांभाळून घेतो."

"म्हणजे भेट कलम."

"ते काय असतं?"

माझे वडील आंब्याची कलमं बांधायचे. रोपाची कुंडी उचलून मोठ्या झाडाच्या फांदीशी न्यायची, दोघांची साल थोडी तासायची आणि जखमेला जखम लावून सुंभाने आवळून टाकायचं. काही आठवड्यांनी दोन्ही एक होतात आणि रोप झाडाच्या जिवावर उभं राहतं. हे मी तिला सांगितलं. रायवळाच्या रोपावर हापूस बसतो, दोघं एका घरचे असावे लागत नाहीत, हेही सांगितलं.

"इथे लागतात," शलाका म्हणाली. "इथे परका चालत नाही. एकाच अंगाचे असले तरच जुळतात."

"मग आहेतच की एका अंगाच्या."

"हो."

"पण सुहासने लांब ठेव म्हणून बजावलंय."

"सुहासदादा पहिल्यापासून घाबरट आहेत. पराग त्यांना हसायचा. आणि त्यांनी लांब ठेव म्हटलं तेव्हा ही अर्धी हिरवी होती. आता बघा तुम्ही."

मी पाहिलं. वाट बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तिने बाही वर सारली आणि स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. मी स्टूल धरून उभी होते. छोटीला तिने हलवलं नाही. सुहासची फांदी त्या टोकाकडून आणली, बुडाला गोंद लावला आणि बोटाला बोट टेकेल अशी ती दगडावर दाबून धरली. हात काढून घेतला तेव्हा दोन हिरव्या फांद्या एकमेकींना लागून उभ्या होत्या.

"कलम बांधताना काही म्हणतात का, आई? मंत्रबिंत्र?"

"वडील काही म्हणायचे नाहीत. त्यांच्या तोंडात सुंभ असायचं."

तेव्हा ती हसली. ओला हात तसाच अंगापासून लांब धरून, खांदे हलवत हसली. त्या रात्री तिने पोटभर भात खाल्ला, आणि भावाचा फोन आला तेव्हा त्याला म्हणाली, "इथे एक काम चाललंय माझं. एवढ्यात काही विचारू नकोस."

सकाळी मी उठले तर ती टाकीपुढे उभी होती. तोंडात दात घासायचा ब्रश तसाच होता.

छोटी पांढरी झाली होती. नुसती पांढरी नाही. तिच्या अंगावरचं कातडं सुटून चिंधीसारखं पाण्यात हलत होतं. जिथे दोघी टेकल्या होत्या, तिथे सुहासच्या फांदीने आपल्या आतून शेवयांसारखे धागे बाहेर काढून तिच्यावर पसरले होते. ती जेवत होती. मला त्याला दुसरा शब्द आठवत नाही.

"काढ गं तिला बाजूला," मी म्हटलं.

"आता कशाला?"

तिने ब्रश बेसिनवर नेऊन ठेवला, चूळ भरली आणि भिंग घेऊन बसली. मी तिच्या मागे खुर्चीवर बसले. समोरच्या इमारतीत कोणीतरी बांबूवर कपडे वाळत घालत होतं.

"आई, एकही टोक मोडलेलं नाही."

"म्हणजे?"

"कापलेली आहेत. सगळी. बघा तुम्ही."

पिशवीत आपटलं तर एखादं टोक मोडेल आणि वाकडंतिकडं मोडेल. ही सगळी एकाच तऱ्हेने, सरळ उडवलेली होती. शेंडे राहिले असते तर खूण दिसली असती, किंवा खूण नाही हे दिसलं असतं.

"तोतया," शलाका म्हणाली.

"तो तर परागने टाकून दिला होता ना?"

"टाकायला निघाला होता. सुहासदादा म्हणाले, जिवंत आहे, कशाला मारतोस, मी ठेवतो कोपऱ्यात. न्यायला डबा मीच दिला होता."

तिने भिंग खाली ठेवलं. मग बोलली ते मला सांगत होती की स्वतःला, ते कळलं नाही. "खरी त्यांच्याकडे नाहीच. मेली असणार. पराग असतानाच मेली असणार. नंतर मेली असती तर मला सांगितलं असतं त्यांनी. परागला सांगायचं राहिलं, मग मला सांगता येईना."

"फोन लाव त्याला. मी बोलते."

"काय बोलणार?"

"विचारते, माझ्या मुलाच्या नावाने हे काय आणून दिलंस म्हणून. बरोबर मासे घेऊन आला होता मेला."

"त्यांनी लांब ठेव म्हणून सांगितलं होतं, आई," शलाका म्हणाली.

"का ते सांगितलं नव्हतं."

"नाही. ते नव्हतं सांगितलं."

तिने फोन लावला नाही, आणि मलाही लावू दिला नाही. संध्याकाळी छोटीचा उरलेला खडा चिमट्याने काढला, रुमालात घेतला आणि आम्ही दोघी बसने समुद्रावर गेलो. तिथे पोरं सायकली चालवत होती. परागच्या अस्थी सोडल्या तेव्हा माणसं होती, गुरुजी होते, कोणीतरी मला धरलं होतं. या वेळी शलाका चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यात गेली आणि रुमाल झटकून परत आली. बसमध्ये ती म्हणाली, "भावाला कळवा. महिनाअखेर येते म्हणावं."

शलाका आता पुण्याला असते. तिचं दुसरं लग्न मीच मागे लागून लावून दिलं, आणि तिची मुलगी मला आजीच म्हणते. आम्ही दोघी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो. फक्त त्यानंतरच्या रविवारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्या दिवशी ती जशी वागली ती का वागली, हे मी स्वतःला अनेक तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. कधी वाटतं, तिने सुहासला सोडवलं. कधी वाटतं, याहून कडक शिक्षा तिला सुचली नसती.

त्या रविवारी सुहास न बोलावता आला. दार मी उघडलं. ये म्हणायला माझं तोंड उघडेना, म्हणून नुसती बाजूला झाले.

"बरं वाटत नाही का, काकी?"

"बरी आहे."

तो थेट टाकीकडे गेला. मोठ्या दगडाच्या बुडाशी त्याने आणलेली फांदी उभी होती. तिची कापलेली बोटं गोल व्हायला लागली होती. शेजारी काही नव्हतं. त्याने टाकीच्या त्या टोकाकडे पाहिलं, मग परत इकडे. माझ्याकडे त्याची पाठ होती. मानेवरून घामाची धार शर्टात गेली ती मला दिसली.

"जवळ आणलीस?" त्याने विचारलं.

"हो." शलाका हात पुसत बाहेर आली. "शेजारी लावली."

"मग?"

"जुळल्या."

"जुळल्या?"

"एकजीव झाल्या, सुहासदादा. मधली रेघसुद्धा राहिली नाही. आता ही कुठली नि ती कुठली ते सांगता यायचं नाही."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिची सासू मी, तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली तरी मला कळायचं, पण त्या वेळी मला तिथे काही सापडलं नाही.

"छान झालं," सुहास म्हणाला.

"बसा ना. एक काम आहे तुमच्याकडे."

परागचा कटर तिने आधीच धुऊन ठेवला होता. बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि फांदीचं एक बोट कापलं. कट्ट असा आवाज पाण्यातूनही ऐकू आला. पिशवीत टाकीतलंच पाणी घेतलं, बोट आत सोडलं, पिशवी फुगवून वर रबर गुंडाळलं. पराग करायचा तसंच सगळं, त्याच क्रमाने. सुहास सोफ्याच्या कडेवर बसून बघत होता. तो पाहुण्यासारखा बसला होता.

"हे तुमच्याकडे ठेवायला," ती म्हणाली. "परागची फांदी आहे. मी आता घर आवरून जाणार. प्रवासात ही टाकी काही येणार नाही माझ्याबरोबर. तुमच्याकडे तरी असू दे."

त्याचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

"शलाका, अगं..."

"तुमची रीतच आहे ना ती?"

तिने पिशवी पुढे धरून ठेवली. शेवटी त्याने ती घेतली, दोन्ही हातांची ओंजळ करून.

"आणि काही झालंच, मेली वगैरे, तर कळवा मला," शलाका म्हणाली. तिचा आवाज मऊ होता. "लपवू नका. जिवंत गोष्ट आहे, मरते कधी कधी. पराग काही रागावला नसता तुमच्यावर. मीही रागावणार नाही."

सुहास उठला. दाराकडे गेला. एका हातात पिशवी घेऊन दुसऱ्या हाताने चपला घालायला त्याला जमेना, तेव्हा त्या पायाने ढकलतच तो बाहेर पडला. मी त्याच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. जावंसं वाटत होतं म्हणून नव्हे. घरातून माणूस निघाला की त्याला सोडायला जायची सवय, म्हणून.

लिफ्ट खाली होती. आकडे एकेक करून वर चढत होते. सुहास त्यांच्याकडे बघत होता.

"काकी," तो म्हणाला, "तिला कळलंय का?"

लिफ्टचं दार उघडलं. आत एक चिनी म्हातारी भाजीची पिशवी घेऊन उभी होती. ती आमच्यासाठी कोपऱ्यात सरकली.

"पिशवी नीट धर," मी म्हटलं. "पाणी गळतंय."